पाणवठ्यावरचा डोळा



जनावराला मारायचे हे एकदा ठरलेच, तर ते कोणत्या रीतीने मारावे याला काही नीती उरते का? की मरण ते मरण, मग सावजाला गाठणारा दहा दिवस डोंगर तुडवून आला काय आणि घरबसल्या त्याचा ठावठिकाणा काढून आला काय, सारखेच? आपल्यापैकी कोणी शिकारीला जात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे तो विषय संपलाच. उरल्या त्या आजोबा-पणजोबांच्या रानडुकरांच्या आणि ठासणीच्या बंदुकीच्या गोष्टी. तरी आज हा प्रश्न आम्ही मुद्दाम घेतला आहे. त्यात आपला काही स्वार्थ गुंतलेला नाही, त्यामुळे त्याकडे जरा मोकळेपणी पाहता येईल असे वाटते.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला अॅरिझोना नावाचे राज्य आहे. तिथल्या वाळवंटी, उघड्याबोडक्या डोंगरांत एक रानमेंढा राहतो. त्याला बिगहॉर्न म्हणतात, म्हणजे मोठ्या शिंगांचा. नराची शिंगे कानामागून वळून पुन्हा गालापर्यंत येतात. त्याच्या उत्तरेकडच्या, रॉकी पर्वतातल्या भाईबंदांत तर दोन्ही शिंगांचे वजन तेरा-चौदा किलोपर्यंत भरते. झाडाच्या खोडात जशी वर्षावर्षाची वलये असतात तशी या शिंगांवरही असतात आणि ती मोजून मेंढ्याचे वय सांगता येते. त्याची नजर अतिशय तीक्ष्ण. माणूस ज्या कड्यावर हातापायांनी रांगेल तिथे तो उड्या मारत जातो. म्हणून या मेंढ्याची शिकार ही तिकडच्या शिकाऱ्यांत सर्वांत अवघड आणि मानाची समजली जाते.

परवाना मिळणे त्याहून अवघड. हजारो लोक अर्ज करतात, सोडत निघते आणि अॅरिझोनात वर्षाला शंभरएक परवाने वाटले जातात. एका जातीचा एकच मेंढा, तोही सबंध आयुष्यात एकदा, असा नियम. वीस-पंचवीस वर्षे अर्ज करून ज्याचे नाव निघते त्याची अवस्था आपण समजू शकतो. डिसेंबर महिन्यात मोसम असतो आणि ही संधी पुन्हा येणार नसते. म्हणून तो तयारी करतो, आणि तयारीत ट्रेल कॅमेरा येतो.

हा कॅमेरा हाताच्या पंजाएवढा एक डबा. झाडाला, खांबाला, दगडाला पट्ट्याने बांधून ठेवायचा. ऊन-रक्ताचा प्राणी समोरून हलला की त्याच्या अंगाची ऊब यंत्राला कळते आणि फोटो निघतो. रात्री डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात निघतो. काही दिवसांनी जाऊन आतले कार्ड काढून आणायचे. आता तर असे कॅमेरे आहेत की फोटो निघाल्याबरोबर तो मोबाइलवर येतो. माणूस शेकडो मैल दूर आपल्या घरी जेवत असतो आणि मेंढा कुठे पाणी पितो आहे ते ताटाशेजारी दिसते.

वाळवंटात पाणवठे मोजके. कित्येक तर वनखात्याने आणि शिकाऱ्यांच्याच संघटनांनी सिमेंटच्या टाक्या बांधून, पावसाचे पाणी साठवून तयार केलेले आहेत. उन्हाळ्यात मेंढ्याला तिथे यावेच लागते. तहानेला पर्याय नाही. म्हणजे कॅमेरा कुठे लावायचा याचा विचारही फार करावा लागत नाही. एकेका पाणवठ्याभोवती डझनावारी कॅमेरे लागू लागले. कोणाचा कॅमेरा कोणी चोरला, कोणाचा फोडला अशी भांडणे झाली. कार्ड काढायला येणाऱ्यांच्या वर्दळीने जनावरे पाण्याला यायला बिचकू लागली अशी तक्रार झाली. पैसे घेऊन शिकार घडवून आणणारे वाटाडे कॅमेऱ्यांची जाळीच टाकून बसले. शेवटी जून २०२१ मध्ये अॅरिझोनाच्या वन्यजीव आयोगाने एकमताने ठराव केला आणि १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायला बंदी आली. नेवाडा आणि युटा या शेजारच्या राज्यांनीही सार्वजनिक जमिनीवर शिकारीच्या महिन्यांपुरती बंदी घातली.

या नियमाची शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. कॅमेऱ्याला बंदी नाही. वन्यप्राणी मारण्याच्या किंवा मारण्यासाठी शोधून काढण्याच्या हेतूने कॅमेरा लावायला बंदी आहे. तोच डबा, तोच पाणवठा, तोच मेंढा. संशोधकाने लावला तर चालतो, केवळ हौसेने पाहणाऱ्याने लावला तरी चालतो. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला सांगत की कोणत्याही कृतीची पारख करताना तीन गोष्टी पाहा: कृती काय आहे, हेतू काय आहे आणि परिस्थिती काय आहे. एका सरकारी आयोगाने हेतूवर बोट ठेवलेले पाहून गंमत वाटली. हेतू सिद्ध करायचा कसा, हा वनरक्षकाचा प्रश्न आहे. त्याची आम्हांला सहानुभूती वाटते.

या यंत्राचा जन्मही लक्षात ठेवण्याजोगा आहे. जॉर्ज शिरास नावाचे एक अमेरिकन गृहस्थ, स्वतः शिकारी आणि काही काळ तिथल्या संसदेचे सभासद. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाटेवर तार ताणून, जनावराचा पाय तिला लागताच प्रकाश पडून फोटो निघेल अशी युक्ती केली. त्यांचे ७४ फोटो नॅशनल जिओग्राफिक मासिकाने १९०६ साली छापले. शिरास यांनी बंदूक खाली ठेवून कॅमेरा हाती घेतला होता. आपल्या देशात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने अशाच तारेने वाघांचे फोटो काढले आणि १९२७ साली त्यांचे पुस्तक निघाले. तेही बंदुकीपेक्षा कॅमेऱ्याच्या बाजूचे होते. आज आपल्याकडे व्याघ्रगणना याच साधनाने होते. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले, त्यांत वाघांचे होते ७६,६५१. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले बिबटेही असेच मोजले जातात. मारायचे नाही म्हणून काढलेले साधन शेवटी मारणाऱ्याच्या हाती परत गेले.

आता मूळ प्रश्न. शिकाऱ्यांमध्येच या बंदीवरून दोन तट पडले आणि बंदीच्या बाजूने जे बोलले त्यांचा शब्द होता ‘फेअर चेस’, म्हणजे न्याय्य पाठलाग. शिकाऱ्याने सावजावर गैरवाजवी वरचढपणा मिळवू नये, हा त्याचा अर्थ. हे तत्त्व बून अँड क्रॉकेट क्लब या संस्थेने रुजवले. ती १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या मित्रांनी काढली. हेच पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

रूझवेल्ट यांची एक हकिकत जगभर पोचली आहे, पण अर्धीच. नोव्हेंबर १९०२ मध्ये ते मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीला गेले. दिवस जात होते, अस्वल मिळेना. तेव्हा त्यांच्या वाटाड्याने कुत्र्यांच्या मदतीने एक अस्वल गाठले, त्याला झाडाला बांधून ठेवले आणि साहेबांना बोलावणे पाठवले. रूझवेल्ट आले, पाहिले, आणि बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. वर्तमानपत्रात व्यंगचित्र आले आणि त्यातून निघाले ते लहान मुलांचे ‘टेडी बेअर’. आपल्या घराघरांत ते आहे. उरलेली अर्धी गोष्ट अशी की ते अस्वल जबर जखमी झाले होते, आणि त्याचे हाल संपवा असे रूझवेल्ट यांनीच सांगितले. त्याला सुऱ्याने मारण्यात आले.

मग त्या नकाराने अस्वलाला काय मिळाले? काहीच नाही. कदाचित गोळीने ते अधिक लवकर मेले असते. संशयवादी माणूस इथे हसेल आणि त्याचे हसणे अगदीच चुकीचे नाही. तो म्हणेल की ‘न्याय्य पाठलाग’ हे शिकाऱ्याने स्वतःच्या समाधानासाठी काढलेले नाव आहे. खेळात न्याय असतो, कारण दोन्ही बाजूंनी खेळायचे कबूल केलेले असते. मेंढ्याने काही कबूल केलेले नाही. त्याला हरण्याचे भय आहे, जिंकण्याचे बक्षीस मात्र नाही; जिंकला तर तो फक्त जिवंत राहतो, जो तो आधीच होता. त्याच्या बाजूने पाहिले तर कॅमेऱ्याने शोधलेला शिकारी आणि पायांनी शोधलेला शिकारी यांत तसूभर फरक नाही.

आम्हांला वाटते, संशयवाद्याचे इथपर्यंतचे म्हणणे मान्य करून टाकावे. ‘न्याय’ हा शब्द इथे बसत नाही. पण शब्द चुकला म्हणून ज्यासाठी तो वापरला गेला ती गोष्टही खोटी ठरत नाही. पवित्र शास्त्रात तिला वेगळी जागा आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक छोटासा नियम आहे: वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले आणि पक्षीण पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिले घ्यावीत, पण आईला जाऊ द्यावे. लेवीयच्या सतराव्या अध्यायात शिकाऱ्यासाठी नियम आहे: मारलेल्या पशूचे रक्त जमिनीवर ओतावे आणि ते मातीने झाकावे. पहा, मनाई कोणत्याच ठिकाणी नाही. घ्यायची परवानगी आहे, पण हाताला मर्यादा घातली आहे. आणि तीही अशा जागी की जिथे पाहायला कोणी नाही. पक्षिणीला पळून जाता येत नाही ते तिच्या आईपणामुळे. तिची तीच ओढ तिला पकडण्यासाठी वापरू नका, असा त्या नियमाचा रोख आम्हांला दिसतो. पाणवठ्यावरच्या मेंढ्याला तिथे तहान आणते.

संत थॉमस अक्वायनस यांनी जुन्या करारातील या नियमांचा विचार केला आहे. माणसाने जनावरांशी दयेने वागण्याची सवय केली की माणसांशीही तो तसाच वागेल, असे कारण ते देतात. हे खरे आहे, पण यात जनावर केवळ माणसाच्या सरावाची वस्तू होऊन बसते. आजची ख्रिस्तसभा थोडी पुढे गेली आहे. धर्मशिकवणीच्या ग्रंथात अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग मान्य केला आहे, मात्र विनाकारण त्यांना यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही असे बजावले आहे. आणि पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात तर प्रत्येक जीवाला स्वतःचे मोल आहे असे स्पष्ट सांगितले आहे.

आम्हां धर्मगुरूंचा आणि शिकारीचा संबंधही जुना आहे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने सर्व धर्मगुरूंना शिकार वर्ज्य केली. मना करावी लागली याचा अर्थ ते करत होते! पुढे १९१७ च्या धर्मसंहितेत असे आले की धर्मगुरूंनी शिकारीच्या नादी लागू नये आणि गाजावाजाची शिकार तर कधीच करू नये. गाजावाजाची म्हणजे कुत्रे, घोडे, हाकारे, कर्णे यांची. शांतपणे केलेल्या शिकारीबद्दल नियम सौम्य होता. १९८३ च्या संहितेत हा विषयच उरला नाही. कॅमेऱ्याची शिकार तर जगातली सर्वांत शांत शिकार. जुन्या शास्त्रीबुवांना ती कुठे बसवावी हा पेच पडला असता. शिवाय शिकाऱ्यांचा आश्रयदाता संत ह्यूबर्ट, त्यांचा सण ३ नोव्हेंबरला. दंतकथा अशी की गुड फ्रायडेच्या दिवशी ते हरणामागे लागले असता हरिण वळून उभे राहिले आणि त्याच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला. सावजाने उलटून पाहिले, तेव्हा पाठलाग थांबला. कॅमेऱ्यासमोर उभे राहिलेले हरिण उलटून कोणाकडे पाहणार?

आमच्या मते खरी गाठ इथेच आहे. आजचा मेंढ्याचा शिकारी पोटासाठी शिकार करत नाही. मांस तो घेतो, घ्यावे लागते, पण त्या मांसाचा किलोचा भाव काढला तर सोन्याशी तुलना होईल. मग तो मारतो का? हा प्रश्न त्यालाही पडतो आणि त्याचे उत्तर तो देतो: डोंगर, थंडी, दिवसांमागून दिवस रिकाम्या हाताने परतणे, त्या प्राण्याच्या वाटा शिकणे, स्वतःचे लहानपण जाणवणे. होसे ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश तत्त्वज्ञाने १९४२ साली शिकारीवर एक गंभीर निबंध लिहिला. त्यातला मुद्दाही साधारण हाच आहे: शिकाऱ्याला हवी असते ती शिकार, मरण हे तिचे शेवटचे टोक, आणि माणसाची हत्यारे वाढत गेली तसा माणूसच आपल्या हाताला लगाम घालत आला, नाहीतर शिकार उरलीच नसती, नुसती कत्तल उरली असती.

हे समर्थन पटो वा न पटो, ते प्रामाणिक आहे. पण ते ज्याला द्यायचे आहे त्याला कॅमेरा परवडत नाही. ज्या कष्टाकडे आणि अनिश्चिततेकडे बोट दाखवून तो मारण्याची परवानगी मागतो, तेच कष्ट आणि तीच अनिश्चितता कॅमेरा काढून घेतो. उपाशी माणसाने पोरांसाठी कसाही मेंढा मारला तर आम्ही त्याला कॅमेऱ्याबद्दल एक शब्द विचारणार नाही. त्याचे समर्थन भूक आहे आणि कॅमेऱ्याने भूक कमी होत नाही. शोधण्यात अर्थ आहे म्हणून मारतो असे म्हणणाऱ्याने शोधणे यंत्राकडे दिले तर मात्र त्याच्या हाती नुसते मारणे राहते.

उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायात म्हाताऱ्या इसहाकाने एसावाला शिकार आणायला पाठवले आणि याकोब कळपातल्या करडांचे जेवण घेऊन आला. आंधळ्या बापाला पहिला संशय कशावरून आला? त्याने विचारले की शिकार इतक्या लवकर कशी सापडली. आवाजाचा संशय नंतर. आणि याकोबाने उत्तरात देवाचे नाव घेतले.

विरुद्ध बाजूचे म्हणणे हलके नाही. कॅमेऱ्यामुळे म्हातारा नर कोणता हे आधी कळते आणि तरुण नर वाचतो. अलास्कात तर डॉल जातीच्या मेंढ्याची शिंगे पूर्ण वळलेली असावीत, किंवा दोन्ही शिंगांची टोके तुटलेली असावीत, किंवा त्याचे वय किमान आठ वर्षांचे असावे असा नियमच आहे, तेव्हा ओळख पटवणे हे कर्तव्यच ठरते. यावर आम्ही म्हणू की ती ओळख दुर्बिणीतून त्याच डोंगरावर, त्याच वेळी होऊ शकते. दुसरे म्हणणे नोकरदार माणसाचे: श्रीमंताला महिनाभर वाटाडे ठेवता येतात, मला चार दिवसांची रजा; कॅमेरा हाच माझा वाटाड्या. हे म्हणणे आम्हांला लागते. त्याचे पूर्ण उत्तर आमच्याकडे नाही; एवढेच दिसते की कॅमेऱ्यांची मोठी जाळी प्रत्यक्षात पैसेवाल्या वाटाड्यांनीच टाकली.

तिसरे म्हणणे सर्वांत जुने: रेघ कुठे मारायची? दुर्बीण चालते, अंतर मोजणारे यंत्र चालते, पाचशे मीटरवरून नेम धरणारी रायफल चालते, मग कॅमेऱ्यानेच काय घोडे मारले? वाळूचा ढीग एकेक कण काढत गेलात तर नेमक्या कोणत्या कणाला तो ढीग राहत नाही, हे ग्रीकांचे कोडे तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला सगळ्यांनाच घालतात. उत्तर कोणाला येत नाही, पण म्हणून ढीग आणि चिमूट सारखी होत नाहीत. शिवाय आम्हांला इथे एक रेघ दिसते. दुर्बीणवाला शरीराने डोंगरावर आहे. वारा फिरला तर त्याचा वास जाईल, दगड घसरला तर आवाज जाईल, मेंढा त्याला पाहील आणि निघून जाईल. तो पाहतो तसाच पाहिलाही जाऊ शकतो. कॅमेऱ्याला वास नाही, पाय नाहीत, झोप नाही. अलास्काने २०१५ मध्ये मोसमात विमानातून मेंढे हेरायला मनाई केली ती याच जातीच्या अस्वस्थतेतून.

या शिकाऱ्यांना नावे ठेवण्याआधी दोन गोष्टी सांगायला हव्यात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेबंद शिकार आणि पाळीव मेंढ्यांकडून आलेले फुप्फुसांचे रोग यांमुळे बिगहॉर्न पंचवीस हजारांच्या घरात उतरले होते. आज ते सुमारे ऐंशी हजार आहेत आणि त्यामागे मोठा पैसा व घाम शिकाऱ्यांचाच आहे. २०१३ साली मोंटाना राज्याच्या एका परवान्यासाठी लिलावात ४ लाख ८० हजार डॉलर मोजले गेले. असा पैसा मेंढ्यांच्याच संवर्धनाला जातो. ज्याच्या भिंतीवर शिंगे आहेत त्यानेच टाकीत पाणी भरले आहे, हे आपल्या मनाला चटकन पचत नाही, पण तसे आहे. दुसरी गोष्ट, मिस्सा संपल्यावर चिकनच्या दुकानापुढे जी रांग लागते तिच्यातल्या कोंबडीला पंचेचाळीस दिवसांच्या आयुष्यात पळायला किती जागा मिळाली, हे आपण विचारत नाही. तिच्या मरणात पाठलागच नसतो, मग न्याय्य-अन्याय्य कुठले!

आणि आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न थेट येऊन उभा आहेच. समुद्रात रात्री प्रखर एलईडी दिवे सोडून मासळी उजेडाकडे ओढायची आणि एका वेढ्यात सगळी उचलायची, या पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी ती चोरून चालते ही आपल्या कोळी बांधवांची तक्रार आहे. त्यांतले काही म्हणतात की पोटाचा प्रश्न आहे. काही म्हणतात की पोटाचा प्रश्न आहे म्हणूनच दिवे नकोत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लावून बसणाऱ्यांना मर्यादा म्हणजे काय हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. माशाची उजेडाकडची ओढ आणि मेंढ्याची तहान यांत त्यांना साम्य दिसते का, हे आम्हांला ऐकायचे आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही धर्मग्रामाच्या कार्यालयात आहोत. या लेखाशी मतभेद असणाऱ्यांनी आधी यावे.

आपला,
धर्मगुरू